दोन वाटांनी सुटलेले गाव

राजे आणि सेनापती यांची नावे इतिहासाच्या पानांत सहज सापडतात. परंतु गाव सोडून निघालेल्या माणसांची नोंद बहुधा घरातील वृद्धांच्या बोलण्यातच राहते. आपल्या विणकर ज्ञातीतील कित्येक घराण्यांचे मूळ गाव धाराशिव जिल्ह्यात, तर बिऱ्हाड सोलापुरास किंवा बार्शीस आहे. यांपैकी काही घराणी पोटासाठी गेली, काही जीव वाचविण्यासाठी. हा दुसरा वृत्तान्त नव्या पिढीस ठाऊक असावा, एतदर्थ हा लेखनप्रपंच.

सन १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरूनच त्यास उस्मानाबाद म्हणत. लातूरही तेव्हा याच जिल्ह्यात मोडे, आणि रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचाच वकील. रझाकारांनी लूट, जाळपोळ व हत्या यांचे सत्र आरंभिले, तेव्हा सरहद्दीलगतची कुटुंबेच्या कुटुंबे मुंबई इलाख्यात आश्रयास गेली. येडशीहून बार्शी ती काय दूर! पण मध्ये संस्थानची हद्द होती, आणि ती ओलांडताना माग, धोटा, सूत सारे मागे राहिले. देव्हाऱ्यातील टाक तेवढे कनवटीस आले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरले व पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आज नळदुर्गाच्या तटावरून बोरी नदी व पाणीमहाल पाहताना मन कृतज्ञतेने भरून येते, आणि ते योग्यच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना परतीची वाट त्या दिवसांतच मोकळी झाली.

तथापि येथेच लेखणी ठेवली, तर अर्धाच इतिहास सांगितल्यासारखे होईल. त्या विजयानंतरच्या दिवसांत ज्यांनी रझाकारीत काडीचाही भाग घेतला नव्हता, अशा असंख्य मुसलमानांवर सूड उगविला गेला. पंडित नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार प्रभृतींनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरून चौकशी केली. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांची झळ सर्वांत मोठी. तेथेच निदान १८ हजार माणसे मारली गेली, असे त्यांचे म्हणणे. लातुरातील सुमारे १० हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम ३ हजार उरली, असेही ते नमूद करतात. हजाराहून अधिक मारले गेले, बाकीचे परागंदा झाले. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही.

त्याच अहवालातील एक नोंद आपल्या ज्ञातीने जपून ठेवावी अशी आहे. अनेक ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, प्रसंगी स्वतःचे प्राणही वेचले. एकाच धंद्याचा घाम गाळणाऱ्यांनी एकमेकांस ओळखले होते. त्या रक्षणकर्त्यांची नावे आपणांस उपलब्ध नाहीत. परंतु आपल्या व्यवसायबंधूंच्या या पुण्याईचा उच्चार सभा-संमेलनांतून क्वचितच होतो, ही खंतीची गोष्ट होय.

ज्याचे गाव सुटले, त्यास दुसऱ्याचे गाव सुटल्याचे दुःख सांगावे लागू नये. नवरात्रात आपण सहकुटुंब तुळजापुरास जातो. तेथून मूळ गावी अवश्य वळावे, मुलांस आपल्या जुन्या घराची जागा दाखवावी. आणि त्या आळीत ज्यांचा माग आपल्या मागाशेजारी चालत असे व ज्यांचे आज कोणी उरले नाही, त्यांच्या घराची जागाही दाखवावी, ही समस्त ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती.