कोलू पाटलाची पाळ : झाडीपट्टीतील तलावांचे स्थापत्य व त्यांचा जीर्णोद्धार

देवालय, विहीर, तलाव, बाग आणि अन्नछत्र यांची गणना आपल्या पूर्वजांनी एकाच धर्मकृत्यात केलेली आहे. त्यास पूर्तधर्म असे नाव आहे. नवे बांधण्यात जितके पुण्य, तितकेच जुने व मोडकळीस आलेले पुन्हा उभे करण्यात आहे असे मानले गेले. म्हणून जीर्णोद्धार हा शब्द देवळाला जसा लागतो तसाच तो तलावालाही लागतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत तर कित्येक गावी पाळीवर देव, पाळीच्या वर पाणी आणि पाळीखाली धानाच्या बांध्या अशीच मांडणी दिसते. देवळाच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत त्याच्या शेजारच्या या दुसऱ्या बांधकामाची हकीकत येणे अप्रस्तुत ठरू नये.

गोंड राजे आणि कोहळी

वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस कमी पडतो असे नाही. वर्षाकाठी सरासरी पन्नास इंचांच्या आसपास पाऊस होतो. परंतु तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून नदीनाल्यांनी वाहून जातो. धानाला मात्र निसवण्याच्या वेळी, म्हणजे हस्त-चित्राच्या सुमारास, पाण्याची खरी गरज असते. नेमक्या त्या पंधरा-वीस दिवसांत पावसाने डोळे वटारले की हाताशी आलेले पीक वाळून जाते. ही अडचण ओळखून चांद्याच्या गोंड राजांनी एक सुज्ञ धोरण आखले. जो कोणी तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन सवलतीने द्यावयाची, अशी ती चाल होती. या जमीनधारणेस तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातील एका वस्तीच्या नावात हा शब्द आजही ऐकू येतो.

हे काम मुख्यतः कोहळी समाजाने केले. गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथील जाणती माणसे बरोबर घेऊन आला आणि तेच पुढे कोहळी झाले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे काहीही असो, तलावाची जागा हेरण्यात कोहळ्यांचा हातखंडा होता, ही गोष्ट इंग्रज अमदानीतील लेखकांनीही नमूद करून ठेवली आहे. त्यांच्याजवळ दुर्बिणी नव्हत्या, नकाशे नव्हते. पावसाळ्यात पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि कोणत्या बाजूने निघून जाते, हे पाहून ते पाळीची ओळ ठरवीत. माती उचलण्याचे कष्ट गोंड व इतर अनेक जातींच्या बायामाणसांनी केले. तलावात मासे धरून उदरनिर्वाह करणारा ढिवर समाजही पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्याशी बांधला गेला. या चार जिल्ह्यांत मिळून असे सुमारे सहा ते सात हजार तलाव असल्याचे सांगण्यात येते.

नवेगावबांध

या सर्वांत थोर बांधकाम म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हा तलाव बांधला, असे जुन्या गॅझेटिअरात नमूद आहे. तलावाभोवती सात डोंगर आहेत. त्यांस सात बहिणी म्हणतात आणि तलाव बांधताना या सात बहिणींनी कोलूला साहाय्य केले अशी लोकांची श्रद्धा आहे. या श्रद्धेमागील अर्थ उघड आहे. डोंगरांनी भिंती दिल्या, माणसाने फक्त त्यांमधल्या खिंडी बुजवल्या. गॅझेटिअरात या तलावाचा परीघ १७ मैल व सरासरी खोली ४० फूट दिलेली आहे. थोडक्या मातीत एवढे पाणी अडविणे हेच त्या स्थापत्याचे कौशल्य होय.

पुढे लोकांनी कोलू पाटलालाच देव केले. कोलासूर देव या नावाने त्याचे ठाणे तेथील एका डोंगरावर आहे. राजाचा किंवा योद्ध्याचा देव झाल्याच्या कथा पुष्कळ आहेत. येथे मातीची पाळ घालणाऱ्या एका पाटलाला देवपण मिळाले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नवेगावबांधच्या परिसरास १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

तलावाची अंगे

तलाव म्हणजे खड्डा अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः देवळाला जसा पाया, गाभारा, सभामंडप व शिखर ही अंगे असतात, तशीच तलावालाही ठरावीक अंगे असतात आणि त्यांतील एक निकामी झाले की बाकीची फार काळ तग धरीत नाहीत.

पहिले अंग येवा. डोंगर-जंगलावरून पाणी ज्या उतारांनी व नाल्यांनी तलावात येते ते क्षेत्र. दुसरे अंग पाळ. ती तळाशी रुंद व माथ्याशी अरुंद असते आणि लाटांनी माती धुपू नये म्हणून पाण्याकडील अंगाला दगड लावलेले असतात. तिसरे अंग तुडूम. हे पाळीतील पाणी सोडण्याचे बांधकाम. त्यात वरपासून खालपर्यंत निरनिराळ्या उंचीवर भोके असतात व ती लाकडी गुट्ट्यांनी बंद केलेली असतात. पाणी उतरत जाईल तसतशी खालची भोके उघडावयाची, म्हणजे पाण्याचा जोर बेताचा राहतो आणि हवे तेवढेच पाणी पाटात जाते. चौथे अंग सांडवा. जास्तीचे पाणी पाळीला धोका न देता येथून बाहेर पडते आणि बहुधा खालच्या गावच्या तलावात किंवा बोडीत जाते. पाचवे अंग पाट, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारी वाट.

या पाच अंगांखेरीज एक सहावे अंग होते, ते मात्र डोळ्यांना दिसत नसे. उन्हाळ्यात गाळ काढून तो बांध्यांत टाकणे, पावसाळ्यापूर्वी पाळीची बिळे बुजविणे आणि पाण्याच्या पाळ्या ठरविणे ही कामे गावाने मिळून करावयाची, असा रिवाज होता. मातीच्या बांधकामाचे आयुष्य या रिवाजावरच अवलंबून होते.

मालगुजारी गेली, पुढे काय झाले

इंग्रज अमदानीत मध्यप्रांत स्थापन झाल्यावर सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी देण्यात आली. त्याबरोबर तलावही त्यांच्या ताब्यात गेले आणि त्यांस मालगुजारी तलाव हे नाव पडले. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पाण्यावर मालगुजाराची हुकमत चाले आणि कुळांकडून वेठीने काम करून घेतले जाई. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला व ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला, हे सर्वथैव योग्यच झाले. त्या कायद्याने तलाव सरकारजमा झाले. लोकांचे निस्ताराचे हक्क, म्हणजे गावाने परंपरेने उपभोगिलेले हक्क, कायम राहिले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रकाची आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज या रिवाजनोंदीची तरतूद आहे.

पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे व त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. कागदोपत्री व्यवस्था लागली. परंतु दरसाल पाळीवर माती कोणी टाकावयाची, याची नोंद कोठल्याच रकान्यात नव्हती. पूर्वी मालगुजाराच्या धाकाने होणारे काम धाक गेल्यावर थांबले, आणि तलाव आता सरकारचा आहे, सरकार पाहील, अशी भावना गावोगाव वाढीस लागली. हजारो लहान तलावांच्या पाळीवर दरवर्षी फिरणे कोणत्याही खात्याच्या आवाक्यातले नव्हते.

तलाव आटतो कसा

तलाव एका वर्षात आटत नाही. येव्यावरील झाडी तुटली की उघडी माती पावसाबरोबर वाहून येते व तळाशी बसते. एक एकर क्षेत्रावर एक फूट गाळ साचला की सुमारे १२ लाख लिटर पाण्याची जागा गेली, असा साधा हिशोब आहे. पाण्याची वाफ ही त्याच्या पसाऱ्यावर होते, खोलीवर होत नाही. म्हणून खोल पाणी उन्हाळा काढते आणि तेवढ्याच पसाऱ्याचे उथळ पाणी चैत्र-वैशाखात आटून जाते.

पाणी मागे हटले की काठाची गाळाची जमीन उघडी पडते. ती कसदार असल्यामुळे तिच्यावर पेरा होतो. प्रथम एका हंगामापुरता असलेला पेरा पुढे कायमच्या बांध्या होऊन बसतो. मग तलाव पूर्ण भरला तर त्या बांध्या बुडतात, म्हणून काही ठिकाणी सांडवाच खाली फोडला जातो. येथपर्यंत आल्यावर तलाव पावसाअभावी आटला असे म्हणता येत नाही. खाली टोकावरच्या शेतकऱ्याचे धान वाळते आणि ढिवराचे जाळे रिकामे येते, ते या फोडलेल्या सांडव्यामुळे.

यातच बेशरमाच्या झुडपांची भर पडली. ही वनस्पती मूळची आपल्या देशातील नाही. ती काठाने दाट माजते, गाळ धरून ठेवते आणि माशांना चारा व आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पतींना हुसकून लावते.

जीर्णोद्धाराचा क्रम

देवळाच्या कामात पाया खचलेला असताना कळसाला सोन्याचा मुलामा कोणी देत नाही. तलावाच्या कामातही क्रम पाळावा लागतो.

प्रथम मोजणी. भूमी अभिलेखाच्या नकाशावरून तलावाची हद्द कायम करून खुणेचे दगड पुरले म्हणजे पुढील निम्मे तंटे मिटतात. गावतळी व सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी दिलेला निर्णय याबाबतीत गावाच्या बाजूचा आहे.

नंतर येवा. येणारे नाले मोकळे करणे आणि उतारावर झाडी राखणे हे गाळ काढण्याच्या आधीचे काम होय. ते न केल्यास काढलेला गाळ चार पावसाळ्यांत परत येतो.

त्यानंतर गाळ. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली आणि गाळ शेतात नेण्याच्या जुन्या रिवाजास नवे रूप मिळाले. येथे एक सावधगिरी हवी. तलावाच्या तळाशी चिकण मातीचा थर असतो आणि तोच पाणी धरून ठेवतो. यंत्राच्या भरात तो थर फोडला, किंवा पाळीच्या बुडाशी खोल खणले, तर पाणी जमिनीत मुरून जाते आणि पाळही खचते. खोदाई कोठे थांबवावयाची हे सांगणारा अनुभवी माणूस तेथे उभा पाहिजे.

मग पाळ, तुडूम व सांडवा. पाळीवर वाढलेली मोठी झाडे सरसकट तोडून चालत नाही, कारण मुळे कुजून पोकळ वाटा होतात व त्यांतून पाणी झिरपते. लहान रोपे मात्र वेळीच काढावीत. तुडुमाची निखळलेली चिरेबंदी व सांडव्याची मूळ उंची पूर्ववत करावी. सांडवा मूळ उंचीवर आला म्हणजे तलावही आपोआप मूळ काठापर्यंत येतो.

शेवटी जिवंत अंग. अलीकडच्या वर्षांत भंडारा-गोंदिया भागातील ढिवर मच्छीमारांनी स्वतः पुढाकार घेऊन तलावांतील बेशरम मुळासकट काढला, कोरड्या तळात नांगर फिरविला आणि देशी पाणवनस्पतींची लावणी केली. त्यानंतर गावरान मासे व पाणपक्षी पुन्हा दिसू लागले. ज्यांच्या नावावर तलावाखालची गुंठाभर जमीन नाही अशा माणसांनी हे काम केले, हे विशेष होय.

गावापुढील प्रश्न

देवळाचा जीर्णोद्धार करताना गाव बरेच काही शिकते. वर्गणी गोळा करणे, हिशोब चावडीवर वाचून दाखविणे, श्रमदानाच्या पाळ्या लावणे, गवंड्याचे काम पारखून घेणे आणि रुसलेल्याची समजूत घालणे, हे सर्व करणारी माणसे काम संपेपर्यंत तयार झालेली असतात. समिती विसर्जित झाली की ही शिदोरी वाया जाते. तलावाला नेमकी हीच माणसे हवी असतात. मोठ्या दुरुस्तीचा पैसा शासनाच्या योजनेतून मिळू शकतो. ग्रामसभेचा ठराव, हद्दीची मोजणी, गाळाच्या वाटपातील सचोटी आणि दरसाल ज्येष्ठात पाळीवरून एक फेरी, एवढे मात्र गावालाच करावे लागते.

दात्यांनी दिलेल्या देणगीची शिळा देवळाच्या भिंतीत बसते व ती अनेक वर्षे वाचली जाते. तलावाच्या पाळीवर टाकलेल्या मातीच्या पाटीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. तरीही तीनशे वर्षांपूर्वी अशी माती टाकविणाऱ्या कोलू पाटलाचे नाव नवेगावच्या डोंगरावर अजून घेतले जाते, आणि त्याने अडविलेल्या पाण्यावर आजही धान पिकते.