आउटबोर्डचा ऑइल पंप काढायचाय? आधी मशीन कुठलं ते बघा

टू-स्ट्रोक आउटबोर्डला पेट्रोलसोबत ऑइल लागतंच. बऱ्याच मशीनला त्यासाठी वेगळी ऑइल टाकी आणि आपोआप ऑइल सोडणारा पंप असतो. अलार्म मात्र बहुधा टाकीतलं ऑइल संपलं की वाजतो. पंपच फिरत नसेल तर अनेकदा गप्प. भर समुद्रात पिस्टन धरला की मग कळतं. म्हणून काही होडीवाले पंप काढून ऑइल हाताने मिसळतात.

कार्ब्युरेटरच्या मशीनला हे चालतं. सर्वसाधारण प्रमाण ५०:१, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली टीसी-डब्ल्यू३ ऑइल. तरी आपल्या मशीनचं मॅन्युअल बघावं. मोटरसायकलचं टू-टी ऑइल नको. पंपाची जागा आणि ऑइल नळ्यांची तोंडं पक्की बंद करावीत, नाहीतर तिथून हवा ओढली जाते आणि पिस्टन तापतो. नळी काढून पंप कोरडाच फिरत ठेवणं हा तर जुगार; तो घासून अडकला की गिअर तुटतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या टू-स्ट्रोकला (ई-टेक, ऑप्टिमॅक्स, एचपीडीआय) हा उद्योग अजिबात करू नये. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, क्रँककेसमध्ये येतच नाही. मिसळलेलं ऑइल बेअरिंगपर्यंत पोचणार कसं?

पंप निघाल्यावर शेजारच्या होडीतून उसना घेतलेला साध्या पेट्रोलचा कॅनही मशीन जाळू शकतो. टाकीवर ‘ऑइल मिसळूनच’ असं रंगवून ठेवावं. आणि पहिल्या दिवशी टाकीत, नळीत उरलेलं साधं पेट्रोल आधी काढावं. नेमकं हेच विसरतात.