तळटीप १४ : कात्रजचे आगम मंदिर

१४. आगम मंदिर : पुणे-सातारा रस्त्यावरचे, कात्रज येथील श्वेतांबर जैनांचे तीर्थ. आगम म्हणजे जैनांचे मूळ धर्मग्रंथ. मूर्तिपूजक श्वेतांबर ते ४५ मानतात. ‘माणूस सुधारावा म्हणूनच देवाने दुःख निर्मिले ना?’ हा मूळ मजकुरात काकांनी इथल्या मुनींना विचारलेला प्रश्न वारकरी वळणाचा आहे. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात घर आणि व्यापार बुडाल्यावर तुकोबांनी त्याबद्दल देवाचे उपकारच मानले होते. या आवारात मात्र तो प्रश्न लागूच पडत नाही. जैन मतात जगाचा कर्ता कोणी नाही; दुःख हे ज्याच्या त्याच्या कर्माचे फळ. प्रश्न ऐकून मुनी हसले ते त्यामुळे.

‘बावीस सोसा’ : मुनींच्या या उत्तरातले बावीस म्हणजे तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या ९व्या अध्यायातले २२ परीषह, म्हणजे सोसायचे त्रास. भूक, तहान, थंडी, ऊन, डासांचे चावे वगैरे. यादीत सत्कारही आहे, आणि तो पचवणे डासांपेक्षा अवघड असावे. मार्ग सुटू नये आणि कर्म झडावे (निर्जरा) म्हणून हे सोसायचे. नाइलाजाने भोगले तर ती ‘अकाम’ निर्जरा, समजून पत्करले तर ‘सकाम’, मोल दुसरीला. गीतेतल्या निष्काम कर्माशी वाचकांनी याची गल्लत करू नये.