हाताला काम आणि शेताला मजूर

गुढीपाडवा जवळ आला की नांदेडच्या मोंढ्यात काय किंवा लातूरच्या आडतीवर काय, एक गाऱ्हाणे ऐकू येतेच : सालगडी मिळत नाही, सरकारने कामाची हमी देऊन माणसे आळशी केली. हे गाऱ्हाणे आम्हीही अनेकदा मान डोलावून ऐकले आहे. पण ते कितपत खरे, हे इतिहासाला विचारले पाहिजे.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे या कल्पनेचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळाने तो साऱ्या राज्याचा प्रश्न झाला. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे खडी फोडीत आणि माती वाहत होती. पुढे पैशाचा प्रश्न आला, तेव्हा 1975 मध्ये, नांदेडचेच शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, व्यवसाय कर बसला. शहरातील पगारदाराने खेड्यातील रिकाम्या हातांचा भार उचलावा, असा हा करार होता. पगारपत्रकात ती कपात पाहून कुरकुरणाऱ्यांना, आम्हीही त्यांतलेच, हे सहसा ठाऊक नसते.

1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणीनंतर 15 दिवसांत काम न मिळाल्यास दिवसाला किमान 1 रुपया बेकारभत्ता द्यावा, असे त्यात होते. एका रुपयासाठी घरी बसणारा मजूर कोणी पाहिला आहे काय? तो रुपयाही क्वचितच कोणाच्या हाती पडला. बाकी सारे मोजमापाचे काम. जितकी माती, तितकी मजुरी.

1988 मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट झाले आणि त्यासोबत हमीच्या कामावरील दरही वाढले. गाऱ्हाणे खरे असते तर शेते ओस पडून कामांवर झुंबड दिसली असती. झाले उलटेच, हजेरी घटली. पैसा पुरेना, म्हणून नवी कामेच कमी निघाली.

मग मजूर गेला कोठे? मुकादमाची उचल घेऊन कोयत्यासह ऊसतोडीला, किंवा पुण्या-हैदराबादच्या बांधकामांवर. शिवाय सोयाबीन सर्वांचेच एका पंधरवड्यात काढणीस येते. टंचाई त्या पंधरवड्याची, बेकारी कित्येक महिन्यांची. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे : दुसरे काम जवळ असलेला माणूस पाडव्याला ‘नाही’ म्हणू शकतो, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला ते ‘नाही’ परवडत नाही. त्याची अडचण खोटी नव्हे.

2005 च्या केंद्रीय कायद्याखाली 2006 मध्ये पहिल्या टप्प्यात नांदेड जिल्हा होता. तेथे भत्ता पहिले 30 दिवस मजुरीच्या चौथ्या हिश्श्याइतका, पुढे निम्मा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात 125 दिवसांची हमी आहे, पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून 60 दिवस कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. मोंढ्यातील गाऱ्हाणे असे कलमात जाऊन बसले. हे दिवस आधी जाहीर करावयाचे. आणि आमच्याकडे मृग कोरडा जाऊन पेरणी लांबली, तर त्या दिवसांत हजेरीपटही बंद आणि रानातले कामही बंद.