चार्ली चॅप्लिन आणि हास्याची मालकी

विनोदी नटाविषयी व्याख्यान म्हणजे दोन घटका करमणूक, अशी आपली साधारण समजूत असते. परंतु कामगार चळवळीत वावरताना आम्हांला एक प्रश्न नेहमी पडत आला आहे : माणसाच्या हातातल्या कसबाचा मालक कोण? चार्ली चॅप्लिनच्या आयुष्यात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. ते कितपत पुरे आहे, हे पाहावयाचे आहे.

1889 च्या एप्रिलात चार्लीचा जन्म झाला आणि त्याचे बालपण दक्षिण लंडनमध्ये गेले. आईबाप दोघेही म्युझिक हॉलमध्ये गाणारे. बाप दारूच्या आहारी जाऊन घरापासून तुटला आणि आईचा आवाज गेला. शिवणकामावर दोन मुलांचे पोट भरेना. 1896 साली आई, थोरला सावत्र भाऊ सिडने आणि सात वर्षांचा चार्ली यांना वर्कहाऊसचा दरवाजा ठोठवावा लागला. वर्कहाऊस म्हणजे कंगालांना कामास जुंपून अन्न आणि आसरा देणारी इंग्लंडातील संस्था. आत गेल्यावर आईमुलांची ताटातूट व्हावयाची, हा तेथील नियमच होता.

1964 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने यातलाच एक प्रसंग सांगितला आहे. मुलांच्या भेटीसाठी आसुसलेल्या आईने एकदा तिघांच्याही सुटकेचा अर्ज केला. अर्ज केल्यास सोडावे लागे, म्हणून सोडले. तिघे केनिंग्टन पार्कमध्ये गेली, चेरीची फळे खाल्ली, वर्तमानपत्राच्या कागदाचा चेंडू करून खेळली. संध्याकाळी आई मुलांसह दारात पुन्हा हजर! निराश्रितास घ्यावे, हाही नियमच. अधिकारी चडफडले, कारण कपडे पुन्हा वाफेत घालावे लागणार होते. नियमाचेच बोट धरून नियमाला चकविणारी ही बाई पुढे मनाचा तोल जाऊन वेड्यांच्या इस्पितळात गेली. पण पडद्यावरच्या भटक्या चार्लीचा स्वभाव आम्हांला तिच्या या एका दिवसात दिसतो.

लहानपणीच चार्ली रंगभूमीवर आला. 1908 साली तो फ्रेड कार्नोच्या मंडळीत दाखल झाला. शब्दांवाचून, केवळ अंगविक्षेपाने आणि अचूक वेळ साधून हसविण्याचे शिक्षण त्याला तेथे मिळाले. या मंडळीबरोबर तो अमेरिकेस गेला आणि 1913 च्या अखेरीस आठवड्यास 150 डॉलरवर कीस्टोन चित्रपट कंपनीत लागला. ढगळ विजार, तंग कोट, मोठाले बूट आणि वेताची काठी हा त्याचा वेष 1914 साली प्रथम लोकांनी पाहिला. त्याच वर्षी तो स्वतः दिग्दर्शनही करू लागला. 1915 साली पगार आठवड्यास 1,250 डॉलर झाला आणि 1916 साली 10,000! जगाला हसविणारा आपण आहोत, कंपनी नव्हे, हे त्याने ओळखले होते.

पण केवळ पगारवाढीवर तो थांबला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. 1918 साली हॉलिवुडमध्ये त्याचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला. चित्रपट कंपन्या एकत्र येऊन नटांचे दर पाडणार, अशी कुणकुण लागताच 1919 साली त्याने मेरी पिकफोर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्याबरोबर युनायटेड आर्टिस्ट्स ही वितरणसंस्था काढली. मालकांच्या जुटीला कसबी माणसांनी जुटीनेच दिलेला हा जबाब होता.

हत्यारे स्वतःची असली की जीभही स्वतःची होते. बोलपटांचा जमाना आला असताना 1931 साली त्याने 'सिटी लाइट्स' मुकाच ठेवला. त्याला थांबविणारा मालक कोणी नव्हता. त्याच वर्षी लंडनच्या कामगारवस्तीत तो गांधीजींना भेटला आणि यंत्रांना आपला विरोध का, असे त्याने विचारले. यंत्रांनी हिंदुस्थानला इंग्लंडचे मिंधे केले, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळाले. 1936 सालच्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये सरकत्या पट्ट्यावर नट आवळून आवळून कामगाराला वेड लागते. जेवणाची सुटी वाचावी म्हणून त्याला यंत्राने घास भरविण्याचा प्रयोग होतो. 1940 साली, अमेरिका युद्धाबाहेर असतानाच, 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये त्याने हिटलरची टर उडविली.

मात्र दुसरी बाजू लपविणे बरोबर नव्हे. स्टुडिओत चॅप्लिन हा मालकच होता, आणि कडक मालक होता. एकेक प्रसंग तो पुनःपुन्हा घेई. 'सिटी लाइट्स'ची नायिका व्हर्जिनिया चेरिल हिला त्याने मध्येच काढून टाकले. पण तिच्यावाचून चित्र अडले, तेव्हा वाढीव पगारावर परत बोलवावे लागले. आपल्या कामाची किंमत तिलाही कळली होती, असेच आम्ही म्हणू.

आणि एकट्याने मिळविलेले स्वातंत्र्य किती टिकते? 1952 च्या सप्टेंबरात तो बोटीने इंग्लंडला निघाला असता, डाव्या मतांच्या संशयाने पेटलेल्या अमेरिकेच्या सरकारने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. जवळजवळ चाळीस वर्षे जेथे काम केले तो देश एका हुकुमाने बंद झाला. तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला. अमेरिकेत तो पुन्हा गेला तो 1972 साली, ऑस्करचा विशेष सन्मान घेण्यासाठी. 1975 साली इंग्लंडच्या राणीने त्याला 'सर' केले आणि 1977 च्या नाताळच्या दिवशी तो वारला.

'मॉडर्न टाइम्स'मध्ये एका लॉरीवरून लाल निशाण खाली पडते. ते परत द्यावे म्हणून चार्ली उचलून हलवितो. इतक्यात मागून बेकारांचा मोर्चा येतो आणि पोलीस त्यालाच पुढारी समजून धरतात. प्रेक्षक पोट धरून हसतात, आम्हीही हसतो. पण त्या मोर्च्यात तो चुकून सापडलेला असतो, हे आम्हांला विसरता येत नाही. चॅप्लिनने आपले हास्य विकत घेऊन सोडविले. ज्यांच्यापाशी असे विकत घेण्यास काही नाही, त्यांना मात्र त्या मोर्च्यात जाणूनबुजूनच चालावे लागते.