चितपट आणि बंद गार्ड

कोल्हापूरसह मराठी मुलखात लाल मातीतल्या निकाली कुस्तीचा फैसला पाठ मातीला लागण्यावर होतो. शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि 1912 मध्ये पूर्ण झालेल्या खासबाग मैदानातही जो चितपट झाला तो हरला, आणि म्हणूनच पाठीवर पडून लढण्याची विद्या कुस्तीत रुजणे शक्य नव्हते. जपानी ज्युदोत मात्र पाठीवर दाबून धरल्याचे गुण मिळत असले तरी खालच्याने वरच्याचे धड पायांत अडकवले तर ती पकड धरली जात नाही. बंद गार्डचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती पाय आवळून पाठीमागे घोटे गुंफण्याच्या पवित्र्याचे, मोल या नियमातून कळते.

ज्युदोपटू मित्सुयो माएदा 1914 मध्ये ही विद्या घेऊन ब्राझीलला पोहोचला आणि तिथल्या ग्रेसी कुटुंबाने ती दुबळ्या देहाचे शस्त्र म्हणून घडवली. 1994 च्या डिसेंबरात रॉयस ग्रेसीने पाठीवर पडूनच आपल्याहून कितीतरी वजनदार कुस्तीगीर डॅन सेव्हर्नच्या मानेभोवती पायांचा त्रिकोण आवळून त्याला शरण आणले.

बंद गार्डविरुद्धच्या बचावात, कुस्तीगीराला सवयीचे असलेले छातीने दाबणे घातक ठरते, कारण मान खाली येताच गळा आणि हात खालच्याच्या हाती लागतात. म्हणून कणा ताठ, कोपरे अंगाशी आणि हात प्रतिस्पर्ध्याच्या कमरेवर रोवून, एक गुडघा त्याच्या माकडहाडाशी टेकवून घोटे सोडवावे लागतात, किंवा सरळ उभे राहावे लागते.