सर्वनाम आणि शासन : फ्रान्स १७९३, इटली १९३८

लॅटिनमधील ‘तू’ आणि ‘वोस्’ यांतील भेद मुळात केवळ वचनाचा होता. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सम्राटास अनेकवचनाने संबोधण्याचा प्रघात पडला आणि वचनभेदाचे रूपांतर क्रमाने दर्जाभेदात झाले. फ्रेंचमधील ‘त्यु–वू’ व इटालियनमधील ‘तू–व्होई’ ही जोडी या वारशातूनच आली. दान्तेच्या महाकाव्यात बहुतेकांस ‘तू’ आहे. परंतु नरकात भेटलेल्या ब्रुनेत्तो लातीनीस मात्र कवी आदराने ‘व्होई’ म्हणतो.

इटालियनने पुढे तिसरे रूप स्वीकारले. ‘व्होस्त्रा सिन्योरीया’ यासारख्या आदरवाचक पदव्या व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी. त्यांच्याऐवजी येणारे सर्वनामही साहजिकच ‘लेई’, म्हणजे ‘ती’. त्यामुळे समोरच्या पुरुषासही तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी सर्वनामाने संबोधले जाऊ लागले. ‘भवान्’ बरोबर प्रथमपुरुषी क्रियापद योजणाऱ्या संस्कृतच्या अभ्यासकास (पाणिनीय परिभाषेतील प्रथमपुरुष तो हाच) यात फारसे नवल वाटू नये.

या प्रयोगांत राज्यसत्तेने हात घातल्याचे दोन प्रसंग विशेष लक्षणीय आहेत. ३१ ऑक्टोबर १७९३ रोजी पॅरिसमधील लोकसंस्थांच्या वतीने माल्बेक याने राष्ट्रीय कन्व्हेन्शनपुढे अर्ज सादर केला : एका व्यक्तीस ‘वू’ म्हणणे हा व्याकरणाचा दोष असून उद्दामपणाचे ते आश्रयस्थान आहे, तेव्हा सर्वत्र ‘त्यु’च चालावे. व्याकरणाचा आधार येथे निमित्तमात्र होता, हे उघड आहे. कन्व्हेन्शनने कायद्याची सक्ती केली नाही. तरी क्रांतिकारक समित्यांच्या पत्रव्यवहारात ‘त्यु’ रूढ झाले. १७९४ मध्ये रोबेस्पियेरचा पाडाव झाल्यावर ते ओसरू लागले आणि ‘वू’ परतले.

इटलीतील प्रसंग याच्या उलट स्वभावाचा. १५ जानेवारी १९३८ रोजी ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या दैनिकात ब्रुनो चिकोन्यानी या लेखकाने ‘लेई’ नष्ट करण्याची मागणी केली. हे सर्वनाम परकीय दास्याची खूण असल्याचा त्याचा दावा होता. फॅसिस्ट पक्षाचा सचिव आकिल्ले स्ताराचे याने त्याच वर्षी ती मागणी आदेशरूपाने राबविली. बरोबरीच्यांस ‘तू’, वरिष्ठांस ‘व्होई’ असा दंडक झाला. फ्रान्समध्ये श्रेणी मोडण्यासाठी सर्वनाम बदलावयाचे होते. येथे ती अधिक ठळक करण्यासाठी. शिवाय आधार कच्चा होता. स्पॅनिश प्रभावाने ‘लेई’चा प्रसार वाढला हे खरे, परंतु त्याचा उगम इटलीतील दरबारी व कचेरीच्या भाषेत, स्पॅनिश वर्चस्वापूर्वीच आढळतो.

अतिउत्साहाचा परिणाम हास्यास्पद झाला. ‘लेई’ नावाच्या महिला-साप्ताहिकास १९३८ मध्येच ‘आन्नाबेल्ला’ हे नाव घ्यावे लागले. वस्तुतः तेथे ‘लेई’चा अर्थ ‘ती’ एवढाच होता. आदरार्थाशी त्याचा संबंध नव्हता. १९३९ मध्ये तूरिन येथे ‘लेई’विरोधी प्रदर्शनही भरविण्यात आले. नेपल्सनिवासी बेनेदेत्तो क्रोचे तेथील रीतीप्रमाणे ‘व्होई’ वापरीत असत. निषेध म्हणून त्यांनी ‘लेई’ स्वीकारल्याचे सांगितले जाते.

आदेशाने सर्वाधिक हानी झाली ती ‘व्होई’चीच. १९४३ मध्ये मुसोलिनीची सत्ता कोसळल्यावर त्यास फॅसिस्ट अमलाचा वास चिकटून राहिला आणि प्रमाण इटालियनमध्ये ‘लेई’ निर्विवाद झाले. दक्षिणेत मात्र, जेथे ‘व्होई’स कोणत्याही आदेशाची गरज कधीच नव्हती, तेथील वडीलधाऱ्यांस उद्देशून ते अद्यापि ऐकू येते.